मामांच्या रक्तातलं ॲसिड

माझ्या बायकोच्या मामांइतका संशयी माणूस अख्ख्या डिचोली तालुक्यात शोधून सापडायचा नाही. सुर्ल्याच्या खाणीवर जन्मभर ट्रक चालवलेले हे गृहस्थ देवळातला प्रसादसुद्धा शेजारच्याने गिळल्याची खात्री करूनच तोंडात टाकतात. पाव विकणाऱ्या पोदेराचा गोल उंडा आधी हुंगतात, मग उजेडात धरून पाहतात. लग्नानंतर मी पहिल्यांदा पाया पडलो, तेव्हा माझ्यासमोरच मामींना म्हणाले, "ह्यो जावय इतको वाकता कित्याक? काय तरी भानगड आसा."

यंदा त्यांची किडनी थकली. पणजीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सांगितलं, "रक्तात ॲसिड वाढलंय." झालं! ट्रकवाल्याला ॲसिड ठाऊक ते एकच, बॅटरीतलं. "कोणी घातल्यान ता?" मामा गरजले, आणि परतीच्या बसमध्ये पेडण्याच्या चुलतभावापासून रोज सोलकढी करणाऱ्या मामींपर्यंत सगळ्यांना त्यांनी आरोपी करून टाकलं. मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो, तेव्हा समजावणं माझ्याकडे आलं. ॲसिड कोणी घालत नाही मामा, ते शरीरातच तयार होतं. किडनी ते बाहेर टाकते, फुप्फुसं श्वासावाटे हातभार लावतात, आणि रक्तातले आम्लारी उरलेल्या आम्लाला आवरून धरतात. मामांनी डोळे बारीक केले. "आम्लारी? ते खंयचे? आमच्या नार्व्या गावात तरी ह्या आडनावाचो कोण नाय."

औषध म्हणून डॉक्टरांनी दिल्या होत्या चक्क खायच्या सोड्याच्या गोळ्या. "सोडो? डॉक्टराक मी पाव दिसतंय काय?" म्हणत मामांनी त्या खिडकीबाहेर भिरकावल्या. चार पावलं चालले तरी त्यांचा श्वास भात्यासारखा चालत होता. असंच राहिलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं. मी नव्या गोळ्या आणल्या, हातापाया पडलो, मामा ढिम्म. शेवटी मामीच कडाडल्या, "बॅटरीच्या टर्मिनलार ॲसिडाचो पांढरो थर धरता, तेवा तुमी काय चोळतास?"

"सोडो," मामा पुटपुटले.

"मगे?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "जावयबापू, तुमीच सांगा. घेव?" एवढ्या वर्षांत त्यांनी मला काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. मी "घ्या" म्हटलं आणि त्यांनी निमूटपणे गोळी घेतली. वाद नाही, उलटतपासणी नाही. भांडायलाही दम उरला नव्हता त्यांच्यात. मामा बरे व्हावेत आणि त्यांनी पुन्हा माझ्यावर संशय घ्यावा, एवढंच मी मनात म्हणत राहिलो.