बैल सोडायचे नाहीत

आमच्या अंबरपेठेच्या घराच्या फाटकाजवळ एक नाड्यांची बाज होती आणि त्या बाजेवर मी बसत असे. एवढंच माझं राज्य. निजामाचं राज्य गेलं ते वर्तमानपत्रात छापून आलं. माझं घ्यायला घरचाच माणूस आला होता, त्याची बातमी कोण छापणार? म्हणून मीच सांगते.

सासऱ्यांनी उदगीरकडची शेती भावाच्या हवाली करून हैदराबादेत बंड्यांचा धंदा मांडला होता. बंडी म्हणजे आपली बैलगाडी. इथं नुसतं गाडी म्हटलं की लोकांना रेल्वे वाटायची. शहरात रेल्वेही दोन तऱ्हेच्या होत्या, एक मोठ्या रुळांची, एक छोट्या रुळांची. बेझवाड्याकडचा माल मोठ्या रुळांवरून नामपल्लीला उतरे, तिथून बेगम बाजारात जाई. तो पुढं नांदेड-परभणीला जायचा तर काचीगुड्याहून छोट्या रुळांवर चढवावा लागे. एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर चालत नाही. मधला सगळा रस्ता आमच्या बैलांचा. रूळ टाकणाऱ्यांनी सगळीकडे एकच माप धरलं असतं तर आम्ही केव्हाच गाशा गुंडाळला असता.

देश स्वतंत्र झाला आणि आमचं संस्थान बाहेरच राहिलं, त्या वर्षी माझे यजमान सत्याग्रहात गेले. पुढं तुरुंगातून सुटून सरहद्दीपलीकडच्या छावणीत राहिले. सासऱ्यांची नजर गेलेली. धंदा बंद करायचा की चालवायचा, एवढाच प्रश्न होता, आणि बंद करणं माझ्या स्वभावात नाही. पहिले काही दिवस मी दाराआडून निरोप सांगितले. दाराआडून सांगितलेला निरोप बंडीवाल्यांपर्यंत पोचेतो अर्धा सांडायचा. मग मी डोक्यावरचा पदर घट्ट खोचला आणि फाटकाजवळ बाज टाकून घेतली. शेजारणींनी बरेच दिवस चवीनं चघळलं. चघळू दिलं.

ते दिवस भलते होते. सरहद्द बंद, पेट्रोल नाही. आज सुटलेली गाडी उद्या सुटेल याचा भरवसा नाही. आमच्याकडे एक जुनी लॉरी होती. तिच्या पाठीला चाचांनी कोळशाची भट्टी बसवून घेतली. चाचा म्हणजे आमचे लॉरीवाले. भट्टी पेटवून बराच वेळ फुंकत बसावं तेव्हा ती बया खोकत खोकत हलायची, पण हलायची. तर माझ्याकडे बैल होते, खोकणारी लॉरी होती आणि मनात येईल तेव्हा धावणारी रेल्वे होती. कुठला माल कशावर चढवायचा हे आदल्या दिवशी ठरवून काही उपयोग नसे. जो बंडीवाला परत येई त्याला मी विचारी, कुठला रस्ता मोकळा आहे, काचीगुड्याला डबे आहेत का, पुढं कुठवर गाडी चालते. ऐकायचं आणि मग ठरवायचं.

एकदा गूळ काचीगुड्याला उतरवून बंडीवाले निघून आले, बैल सोडून झोपले. गाडी सुटलीच नाही. उन्हात तो गूळ वितळून पोत्यांतून फलाटावर वाहिला, आणि बेगम बाजारातल्या व्यापाऱ्याची बोलणी मी बाजेवर बसून ऐकली. त्या दिवशी नियम केला. पुढची गाडी मालासकट हलल्याशिवाय मागच्या बंडीवाल्यानं बैल सोडायचे नाहीत. जागेवर कडबा टाका, बंडीच्या धुरीला टेकू लावून मानेवरचं ओझं उतरवा, पण जुंपलेलेच ठेवा. फाटकात परत आल्यावरसुद्धा मी सोडा म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत, कारण पुष्कळदा फाटकातूनच माघारी पाठवावं लागे. बंडीवाले सगळे तेलुगू. त्यांच्याशी बोलायचं म्हणून मी पहिलं वाक्य शिकले ते हेच, ‘एड्लु इप्पोद्दु.’ बैल सोडू नका. माझ्या उच्चाराला ते मनसोक्त हसले, आणि बैल सोडले नाहीत.

पोलीस ॲक्शन झाली, संस्थान देशात आलं आणि यजमान परत आले. गळ्यात हार, बरोबर माणसं, दाराशी घोषणा. मी रडले, आनंदानं रडले, खोटं कशाला सांगू? पुष्कळ दिवस माणूस जिवंत आहे की नाही तेही कळत नव्हतं. नारायणगुड्यात त्यांचे सत्कार झाले, भाषणं झाली. मग हार सुकले आणि त्यांचं लक्ष फाटकाकडे गेलं.

एका सकाळी मी जेवायला वाढत होते तेव्हा ते म्हणाले, “तू फार सोसलंस. आता आत बस.”

असं गोड बोलून कुणी कुणाला हाकलल्याचं मी आधी पाहिलं नव्हतं. त्यांचा सगळा विचार तयार होता. आता आपलं राज्य आलं, रेल्वे वेळेवर धावेल, सरहद्दीवरचे नाके उठतील, पेट्रोल मिळेल. बैल कशाला हवेत? शमशाबादकडचा एक माणूस बैल बघायला येणार होता. बैल गेले की बंड्या जाणार, आणि बंड्या गेल्या की फाटकाजवळच्या बाजेवर बसून मी काय कावळे मोजणार? मी एवढंच म्हटलं की रेल्वेला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. ते हसले. मी हसले नव्हते.

तेवढ्यात तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई उघडली. बेझवाड्याकडून विड्याची पानं आली, ओल्या केळीच्या पानांत लपेटलेल्या टोपल्याच टोपल्या. नांदेडकडे कित्येक महिन्यांनी लग्नं लागत होती आणि पानाशिवाय लग्न लागत नाही. पानाचं असं की बंद टोपलीत पडून राहिलं की ते आतून तापतं आणि काळं पडतं. यजमान म्हणाले, हा माल मी पाठवतो. बंड्यांनी काचीगुड्याला टोपल्या उतरवून लगेच परतायचं, बैल सोडून धुऊन ठेवायचे, दुपारी गिऱ्हाईक येणार आहे. एवढं सांगून ते सायकलवर पुढं गेले. बंडीवाले माझ्याकडे बघत उभे राहिले.

मी म्हटलं, एड्लु इप्पोद्दु.

काचीगुड्याला काय झालं ते मला परत आलेल्या एका बंडीवाल्यानं सांगितलं. सगळे डबे फौजेसाठी अडकवलेले होते. यजमानांनी मालबाबूला स्वराज्यावर मोठं भाषण दिलं, आता असं चालणार नाही म्हणाले. बाबू म्हणाला, साहेब, फौज स्वराज्याचीच आहे. पण त्याच बंडीवाल्याकडून मला हेही कळलं, की निजामाबादपासून पुढं नांदेडची गाडी चालू आहे. मी चाचांना भट्टी पेटवायला सांगितली.

चाचांनी कोळसा घातला, पण चेहरा उतरलेला. “अम्मा, अकेला नक्को भेजो. रस्ते में रोकिंगे,” ते म्हणाले.

ते खरंच होतं. तेव्हा दाढी-टोपी बघून लोक लॉरी अडवत होते, आणि अडवून काय करत होते ते सगळ्या शहराला ठाऊक होतं. नाकेबंदीच्या काळात या माणसानं डोळे चुरचुरेपर्यंत भट्टी फुंकून आमचं घर चालवलं होतं. त्याला नक्को म्हणून घरी पाठवणं सोपं होतं. मला त्या सोपेपणाची चीड आली. सासऱ्यांना सांगितलं, मी लॉरीबरोबर जाते. ते म्हणाले, शाल घेऊन जा. मी शाल घेतली आणि चाचांच्या शेजारी जाऊन बसले.

काचीगुड्याला बंड्या उभ्याच होत्या, बैल जुंपलेले. लॉरीला बंड्या भिडवून टोपल्या इकडच्या तिकडे झाल्या. लॉरीत मावल्या नाहीत त्या घेऊन बंड्या तशाच बेगम बाजाराला वळल्या, पान ताजं असेतो तिथं खपेल म्हणून. बैल घरी जाऊन मोकळे झाले असते तर त्या टोपल्या फलाटावर कुजल्या असत्या. यजमान हे सगळं बघत उभे होते. मग त्यांनी मला बघितलं.

“खाली उतर,” ते म्हणाले.

“जागा आहे, तुम्हीपण बसा,” मी म्हटलं.

ते बसले नाहीत. आम्ही निघालो.

मेडचलच्या पुढं काठ्या घेतलेल्या पोरांनी लॉरी अडवली. आत कोण आहे म्हणून वाकून बघू लागले. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मी म्हटलं, लॉरी माझी आहे, माणूस माझा आहे, माल लग्नाचा आहे, वाट सोडा. त्यांना बहुधा अशी बाई कधी भेटली नव्हती. आपसात कुजबुजले आणि बाजूला झाले. पुढं एका ओढ्याशी आम्ही थांबलो, चाचांना पाणी दिलं, टोपल्यांवर पाणी मारलं आणि मग निघालो.

निजामाबादला टोपल्या डब्यात चढल्या. चाचा भट्टी विझवायला उठले तशी मी त्यांना थांबवलं. गाडीचा शेवटचा डबा फलाट सोडून गेला तेव्हा म्हटलं, आता विझवा. तोवर आमची लॉरी तिथं खोकत उभी होती, आणि सगळं स्टेशन तिच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही परतलो. यजमान माझ्या बाजेवर बसले होते. शमशाबादचा माणूस बैल न बघताच निघून गेला होता आणि पुन्हा येणार होता. मी फाटकातून आत पाऊल टाकलं आणि सुरुवात झाली. घरची बाई लॉरीत बसून गेली, लोक काय म्हणतील, ज्यांच्यासाठी आम्ही तुरुंग भोगला तेच तोंडावर हसतील. भट्टीजवळच्या टोपल्यांतली पानं करपली का, हेही त्यांनी विचारून घेतलं. करपली होती, मी सांगून टाकलं.

“मी आलोय ना आता,” ते म्हणाले. “मग सोड हे सगळं.”

मी म्हटलं, “पुढची गाडी हलल्याशिवाय मी बैल सोडत नाही. तुमची वेळेवर धावणारी गाडी अजून हललेली नाही.”

ते काही बोलणार तेवढ्यात त्या दिवशीची बेगम बाजाराची फेरी करून बंड्या फाटकात आल्या. बैलांच्या तोंडाला फेस होता. यजमानांनी बाजेवरूनच हात केला आणि सांगितलं, बैल सोडा. उर्दूत सांगितलं, मग तेलुगूत सांगितलं. बंडीवाल्यांना दोन्ही समजत होतं. ते जुवाला हात लावून उभे राहिले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी काही बोलले नाही. मला खरं तर बैलांची कीव येत होती, पण बोलले नाही. सासरे ओट्यावर काठी धरून बसले होते.

यजमान वाईट माणूस नव्हते. बैलांकडे त्यांनी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हळूहळू बाजेवरून उठले.

“दमलेत गं ते,” म्हणाले. “तू सांग त्यांना.”

मी बाजेवर जाऊन बसले, पदर नीट केला, आणि मग म्हटलं, सोडा.