तेहेतिसावा लाडू

माझा नवरा खाणीत काम करतो असं सांगितलं की सिंगापुरातल्या बिशानमधली आमची मराठी मंडळी जरा गोंधळतात. इथे जो तो कंप्युटरवाला. मग मी "सोन्याच्या खाणीत" असं जोडते आणि बायकांची नजर आपोआप माझ्या गळ्याकडे जाते. गळ्यात काळ्या मण्यांची साधी पोत असते. सोन्याच्या खाणीत काम करणाऱ्याला सोनं मिळत नाही, पगार मिळतो, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता ते माझं मलाच ऐकवत नाही.

तो मूळचा कोळशातला माणूस. चंद्रपूरकडे बरीच वर्षं जमिनीखाली काढली. मग सोन्याचा भाव जो चढत गेला तो खाली यायचं नावच घेईना. बंद पडलेल्या खाणी पुन्हा उघडू लागल्या आणि जमिनीखाली काम केलेल्या माणसांना एकाएकी मागणी आली. कंपनीचं ऑफिस इथेच सिंगापुरात, खाण मात्र इंडोनेशियातल्या एका बेटावर. चार आठवडे तो तिकडे आणि दोन आठवडे घरी. आम्ही दोघी मायलेकी चौदाव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये त्याची वाट पाहतो. लेक सहावीत आहे, म्हणजे इथल्या मोठ्या परीक्षेचं वर्ष. आमचा सगळा डोलारा त्याच्या नोकरीवर उभा. नोकरी आहे तर त्याचा इथे राहायचा पास, त्याचा पास आहे तर आमचे पास, आणि पास आहेत तर शाळा आणि हे घर.

त्या खाणीचा एक नियम मला मंगलाष्टकांसारखा पाठ आहे. कुणी आत सोनं न्यायचं नाही, न्यायचं झालंच तर फाटकावर नोंद करायची. बाहेर पडताना अंग, बूट, बॅग सगळं तपासतात. नोंद नसलेलं सोनं सापडलं तर ते खाणीतलं धरतात आणि चौकशी करून माणूस कायमचा घरी. म्हणून लग्नातली अंगठी नवरा देव्हाऱ्याच्या खणात ठेवून जातो.

हे सगळं माझ्या आईला मी फोनवर अनेकदा सांगितलं होतं. पण आई ऐकते ते तिला हवं तेवढंच.

अधिक महिन्यात आई कोल्हापुरातून आमच्याकडे आली. अधिक महिना म्हणजे जावयाचा महिना. जावयाला तेहेतीस अनारसे द्यायचे, हे तिनं विमानात बसायच्या आधीच ठरवलेलं. इथल्या दमट हवेत पिठाचं जमणार नाही, असं मी सांगून पाहिलं. "तू मला अनारसे शिकवू नकोस," असं उत्तर आलं. पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. दुसराही हसला. चौथा तर कढईभर पसरून खदाखदा हसला. आईनं गॅस बंद केला, एमआरटीच्या गाडीनं लिटल इंडियाला जाऊन बेसन आणलं आणि संध्याकाळपर्यंत तेहेतीस लाडू वळले. वळताना मला ओट्यापाशी फिरकू दिलं नाही. अनारशांवरून मी चिडवीन म्हणून असेल, असं मला वाटलं.

लाडू स्टीलच्या मोठ्या डब्यात भरून नवरा खाणीवर गेला. तिकडे जेवणाच्या सुट्टीत फिलिपिनो, इंडोनेशियन, ऑस्ट्रेलियन अशा सगळ्यांनी लाडू खाल्ले. "तुझ्या सासूबाईंना नोकरी द्यायची का?" असं कुणीतरी विचारल्याचंही त्यानं कळवलं. आई दोन दिवस जमिनीपासून वीतभर वर चालत होती.

ज्या दिवशी तो परत यायचा, त्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. आवाज पार बसलेला.

"मी आज येत नाहीये. फाटकावर माझ्या सामानात सोनं सापडलं."

"कुणाचं?"

"मला माहीत नाही गं. खरंच माहीत नाही. उद्या चौकशी आहे." शेजारी कुणीतरी उभं असावं, फोन लगेच बंद झाला.

मी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिले. ज्या माणसाला भाजीवाल्यानं चुकून जास्त दिलेलं लिंबू परत केल्याशिवाय चैन पडत नाही, त्याच्या सामानात सोनं! कुणीतरी ठेवलं असणार, कुणी ठेवलं असेल, का ठेवलं असेल, याच्यापुढे माझं डोकं चालेना. मग राग आला. त्याच्यावर, त्या खाणीवर, सोन्यावर. आईला रक्तदाबाचा त्रास, म्हणून तिला विमान रद्द झाल्याचं सांगितलं. लेक शाळेतून आली, तिलाही तेच. ती परीक्षेचे पेपर सोडवत बसली आणि मी तिच्या पाठीकडे बघत मनातल्या मनात खोकी भरू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा परत फोन आला. या वेळी त्याला बोलायला वेळ दिला होता. आई शेजारीच कणीक मळत होती.

"डब्यात होतं," तो म्हणाला. "लाडू सगळे संपले होते. पण आईंचा डबा रिकामा कसा परत न्यायचा, म्हणून मी एक लाडू ठेवला होता. गार्डनं तो फोडला आणि आतून..."

"लाडवातून?" मी जवळजवळ ओरडलेच.

आईचा हात परातीतच थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, हात न धुताच उठली आणि देव्हाऱ्यापुढे जाऊन बसली. मी फोन कानाला लावून तिच्या पाठोपाठ गेले.

"आई, तू काही घातलं होतंस त्या लाडवात?"

तिनं पिठाच्या हातांनीच देवाला नमस्कार केला.

"आई, बोल ना गं."

"गुप्तदान सांगायचं नसतं," ती देवाकडे बघूनच म्हणाली. "सांगितलं की गेलं."

नुसतं कोल्हापूरकडेच नव्हे, सगळीकडेच अधिकात अशी दानं देतात. लाडवात किंवा अनारशात सोन्याचा नाहीतर चांदीचा तुकडा लपवायचा आणि कुणाला सांगायचं नाही. घेणाऱ्यालाही नाही. हे मला ठाऊक होतं. पण सोन्याच्या खाणीत जाणाऱ्या डब्यात कुणी सोनं लपवील, हे मला सात जन्मांत सुचलं नसतं. एकाच घरात मी तिच्यापासून चौकशी लपवली होती आणि तिनं आमच्यापासून सोनं लपवलं होतं.

मी तिला सगळं सांगितलं. रक्तदाबाचं गेलं खड्ड्यात. "त्यांना वाटतंय त्यानं चोरलं. त्याची नोकरी जाईल, आई. आम्हाला इथून जावं लागेल."

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज खणखणीत होता. "मग नुसती बघत काय बसलीयस? लाव तो फोन. दिसायचा लाव."

व्हिडिओवर खाणीचा सुरक्षा अधिकारी आला. पिकल्या मिशांचा, शांत चेहऱ्याचा इंडोनेशियन माणूस. त्याच्या मागे खुर्चीवर माझा नवरा, दाढी वाढलेली, मान खाली. टेबलावर कागदाच्या तुकड्यावर एक सोन्याचा मणी आणि लाडवाचा चुरा. आई मराठीत बोलू लागली आणि मी इंग्रजीत सांगू लागले. तिनं आधी अधिक महिना समजावला, मग अनारसे का हसले तेही. मी ते गाळलं. "सगळं सांग," ती मला म्हणाली. मग सगळं सांगितलं. सुट्टी म्हणून घरी असलेली लेक दारातून बघत होती, ती इथल्या पोरांच्या इंग्रजीत पुटपुटली, "आज्जी सो ड्रामॅटिक लाह."

"पण याचा पुरावा काय?" अधिकाऱ्यानं विचारलं.

आईनं पदराखालून बोरमाळ काढली. तिच्या आईची बोरमाळ, बोरांएवढ्या मण्यांची. मधोमध एक जागा मोकळी होती आणि तिथे दोऱ्याची गाठ मारलेली. तिनं ती गाठ कॅमेऱ्याला जवळजवळ चिकटवली.

"त्याला सांग, हा मणी भरीव नाही. वर सोन्याचा पत्रा आणि आत लाख. फोडून बघ म्हणावं. खाणीत लाख निघते काय?"

अधिकाऱ्यानं मणी दिव्यापाशी धरला, भोकातून पाहिलं, पिनेनं आत खरवडलं. पिनेच्या टोकाला लालसर भुकटी आली. त्यानं मणी माळेतल्या मण्यांशेजारी, म्हणजे पडद्यापाशी धरला. दोन्हीकडचे मणी एकाच सोनाराच्या हातचे होते, ते आंधळ्यालाही कळलं असतं. मागे माझ्या नवऱ्यानं पहिल्यांदाच मान वर केली. तो सासूकडे बघत होता आणि हसावं की रडावं ते त्याला कळत नव्हतं.

अधिकाऱ्यानं पिन खाली ठेवली. मग त्यानं विचारलं, "आजीबाई, सोन्याच्या खाणीत सोनं कशाला पाठवलंत?"

मी प्रश्न आईला सांगितला. ती माझ्याकडे न बघता थेट त्याच्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही रोज धरणीच्या पोटातून सोनं काढता. कुणी तिला काही परत देतं का? मी एक मणी दिला. म्हटलं, तो घे आणि माझा माणूस रोज वर येऊ दे."

हे मी शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत सांगितलं. त्या माणसानं मान हलवली, कागदात मणी पुन्हा गुंडाळला आणि म्हणाला, "याला उद्याच्या विमानानं पाठवतो."

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले आणि मनसोक्त रडले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आई परातीपाशी गेली आणि कणीक सुकली म्हणून चिडली.

तो आला तेव्हा आईनं त्याला दारातच थांबवलं आणि भाकरीचा तुकडा ओवाळला. आता तो टाकायचा कुठे? खाली टाकला तर दंड. शेवटी तिनं आत येऊन स्वयंपाकघरातल्या, कचरा थेट खाली सोडायच्या शूटमध्ये तो सोडला आणि चौदा मजले खाली जाण्याचा आवाज कान लावून ऐकला. "गेली इडा-पिडा," म्हणाली.

नवऱ्यानं खिशातून कागदाची पुडी काढून तिच्यासमोर धरली. "आई, तुमचा मणी."

तिनं हात मागे घेतला. "दिलेलं परत घेत नाहीत, जावईबापू. आणि तसंही आता बोलून बसले मी. त्याचं जे पुण्य लागायचं ते गेलंच."

"मग तुमची माळ?"

"माळेचं काय, गाठ आहे तिथे." तिनं बोरमाळ पदराखाली सरकवली. तेव्हापासून तिचं कामं करतानाचं गुणगुणणं थांबलं. पुण्य गेल्याचं तिला खरंच लागलं होतं, आणि मी काहीही बोलले तरी ते परत येणार नव्हतं. पुडी देव्हाऱ्याच्या खणात अंगठीशेजारी पडून राहिली.

पुढच्या खेपेला निघायच्या सकाळी नवऱ्यानं अंगठी खणात ठेवली आणि पुडी खिशात टाकली. मी पाहिलं. "फाटकावर नोंद करीन," एवढंच तो म्हणाला. आईनं पुन्हा लाडू दिले होते. ते त्यानं तिच्यासमोरच एकेक करून फोडले, आणि आई "माझ्यावर विश्वास नाही" म्हणत पोट धरून हसली. चुरा घेऊन तो गेला.

चार आठवड्यांनी तो वेळेवर परत आला. बूट काढले, अंगठी घातली, आंघोळीला गेला. मी धुवायला टाकायच्या आधी शर्टाचे, पँटचे खिसे चाचपले. पुडी नव्हती. आत आणलेलं सोनं बाहेर का नेलं नाहीस, असा प्रश्न त्या फाटकावर कुणाला पडत नाही. तिथले सगळे नियम खाणीतून बाहेर जाणाऱ्या सोन्यासाठी, आत राहिलेल्यासाठी नाहीत.

मी त्याला काही विचारलं नाही. आई ओट्यापाशी उभी राहून माझे हात खिशातून रिकामे निघताना बघत होती. तिनंही काही विचारलं नाही. तिनं फक्त चहाचं आधण ठेवलं आणि त्या दिवशी, पुष्कळ दिवसांनी, स्वतःशीच गुणगुणायला लागली.