कूलरकडची भिंत

"वॉर्ड रिकामा करा," मी म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मॅडम, मे महिना आहे. ओल्या बाळंतिणी आहेत. कुठे नेऊ?"

जठारपेठेतलं त्यांचं मॅटर्निटी होम. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. आदल्या वर्षीच्या दुरुस्तीत मी वॉर्डच्या कूलरकडच्या भिंतीत काही स्मार्ट विटा बसवल्या होत्या. यांची माती भाजण्याआधी तिच्यात स्टीलचे बारीक तंतू मिसळतात. विटेवरचा भार बदलला की तिच्यातून वीज कमी-जास्त जाते आणि तो फरक वायरीने जोडलेल्या बॉक्सवर आकड्यांत दिसतो. बस्स, जादू नाही. त्या सकाळी आतल्या बाजूच्या विटांवरचा भार सारखा चढत होता. म्हणजे भिंत खाटांकडे झुकत होती. डोळ्यांना मात्र ती सरळ दिसत होती.

"सेन्सर बिघडला असेल," डॉक्टर म्हणाले.

तसं असतं तर मीच पेढे वाटले असते. वायरी बदलून पाहिल्या. आकडे तेच. मग बाहेर गेले. दुष्काळाचं साल, प्यायला टँकर, शेतांत पाय जाईल एवढ्या भेगा, आणि इथे भिंतीच्या बुडाशी चिखल! खिडक्यांतले सगळे कूलर ठिबकत होते. आपली काळी माती पाण्याने फुगते. फुगलेली माती पायाची बाहेरची कड उचलत होती.

कूलर बंद केले तरी ती लगेच सुकत नाही. भिंत पडली तर बाळंतिणी जातील. नाही पडली आणि हलवल्यावर त्या उकाड्यात एखादं बाळ दगावलं, तर ते माझ्या माथी.

पातूरकडची एक सासू सुनेची खाट धरून बसली. "कावून हालवता माह्या सुनेले? भिंत तं सरळ हाय!"

"सरळच दिसते, मावशी. म्हणून तं मले भेव लागून राहिलं."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "बाई, तुमचे हात कापून राहिले," म्हणाली आणि नातवाला उचलून उठली. मग बाकीच्याही उठल्या.

ओपीडीच्या हॉलमध्ये ओल्या चादरी टांगून सगळ्यांना तिथे नेलं. टेकू लावणारी माणसं पोचायच्या आतच खिडकीवर भेग उघडली आणि प्लास्टरसकट विटा त्या सुनेच्या रिकाम्या खाटेवर आल्या.

भिंत नवी बांधली. डॉक्टरांनी स्वतःहून स्मार्ट विटा मागितल्या. त्या मी दिल्या, पण आधी कूलरच्या पाण्याला पाइप लावून घेतला. हल्ली कुठल्याही साइटवर माझा पहिला प्रश्न असतो, "कूलरचं पाणी जातं कुठे?" लोकांना वाटतं, बाई प्लंबर आहे. वाटू दे.