यंत्र बंद असतानाची मोजणी

आमच्या काळ्या दगडाखाली कोळसा असेल, ही अक्कल कुणाच्या डोक्यातून निघाली देव जाणे. पण निघाली, आणि पिशोरपलीकडच्या माळावर भोकं पाडून बघायचं यंत्र उभं राहिलं. त्याच्या खडखडाटानं माळावरच्या जनावरांचं काय होतं, ते लिहून द्यायचं काम मला मिळालं. प्राणिशास्त्राची पदवी होती, घर पडेगावला, नोकरी नव्हती. सोबती नव्या कारखान्यांत चिकटले आणि मी निघालो लांडगे मोजायला. घरचे पोट धरून हसले.

माळावर एक म्हातारे मेंढपाळ होते, त्यांना मी मामा म्हणायचो. त्यांच्यात लांडगिणीच्या पिल्लांची जागा परक्याला दाखवत नाहीत. लांडग्यानं कोकरू नेलं तर शिव्या घालत मागं धावतील, पण बिळाला हात लावणार नाहीत. "त्येचा बी वाटा हाय," म्हणायचे. महिनाभर मला पारखून मामांनी ओढ्याकाठचं बीळ दाखवलं. मला केवढा मान वाटला!

यंत्र चालू होतं ते पंधरा दिवस मी पाणवठ्यावर बसून काढले. एका खोकडाशिवाय काही फिरकलं नाही. मग विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर पेटलं. संचारबंदी लागली, डिझेलची गाडी आली नाही, यंत्र गार पडलं. चौथ्या सकाळी चिंकारा पाण्यावर उतरले. मागून लांडगीण चार पिल्लं घेऊन आली. मी येड्यासारखा हरखून भराभर लिहीत सुटलो.

"यंत्र बंद हाय म्हणून आले रं," मामा म्हणाले. "ते बी ल्ही."

"व्हय मामा," मी म्हणालो.

नाही लिहिलं. आमच्या भागात दगडफेक झाल्याचं कानावर आलं होतं आणि आईची काहीच खबर नव्हती. कागद दिले की सुटका, एवढंच डोक्यात. मला हे काम देणाऱ्या साहेबांना आकडे हवे होते, म्हणून रिकाम्या पंधरा दिवसांची पानं मी जोडलीच नाहीत. खाली लिहिलं, यंत्र असूनही जनावरं नेहमीसारखी वावरतात. संचारबंदी सैल होताच कागद दिले, ट्रकवर बसून क्रांती चौक गाठला, तिथून चालत घरी. आई भाकरी थापत होती, धडधाकट.

माझ्या त्या एका वाक्यावर दुसरं यंत्र आलं, थेट ओढ्याकाठी. कळलं तसा साहेबांकडं धावलो. म्हणालो, ते खोटं आहे, बदलू द्या.

"सही तुमचीच ना?" ते म्हणाले आणि दुसरी फाईल ओढली.

मी पिशोरला गेलो तोवर उशीर झाला होता. लांडगिणीनं पिल्लं उचलून गावालगतच्या ज्वारीत नेली होती. लोकांना ती सापडली. चारीही मारली. आणि कोळसा? चिमूटभरसुद्धा लागला नाही. यंत्रवाले सामान बांधत होते.

मामा ओढ्यावर मेंढ्यांना पाणी पाजत होते. मी पाय धरले. बरळलो, "मामा, त्या यंत्रवाल्यांना काय कळतंय जनावरांचं!"

"त्येंला नव्हतंच ठाव," मामा म्हणाले. "तुला ठाव व्हतं."

मग त्यांनी पाय सोडवून घेतले आणि मेंढ्या वर काढल्या.