तिकिटाखालचा अर्धा शब्द

दादा गेल्याचा वहिनीचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर वर करत होतो. त्याची मुलगी शीतल बंगळूरहून निघायचीच होती. तिला बापाचा चेहरा तेवढा दिसला, आवाज नाही... दीड महिना झाला, मला एका जागी बसवत नाही.

दादा कोराडीच्या वीज केंद्रात फिटर होता. ड्युटीवरून आला की बसचं तिकीट खिशातून काढून माझ्या इंग्रजीच्या पुस्तकावर ठेवायचा. लांबलचक शब्द दिसला की मी पुस्तक मिटायचो. तो तिकिटानं अर्धा शब्द झाकायचा. "इतका भेतं काहून बे? जेवढं दिसते तेवढंच वाच. मंग तिकीट सरकव." स्वतः दहावी नापास; पण शब्दाचे तुकडे पाडून प्रत्येकाचा अर्थ शब्दकोशात हुडकायचा. त्या तिकिटांवरच मी फार्मसी केली, सावनेरला औषधांचं दुकान टाकलं.

उन्हाळ्यात तो रिपोर्टची झेरॉक्स घेऊन दुकानात आला. "डॉक्टर म्हणे, घरचं कोणी घेऊन या. म्या म्हटलं, आपला मन्या हाय ना! हा शब्द पाय, कोळशाची मालगाडीच हाय. तोडून दे मले."

कोलँजिओकार्सिनोमा.

"कोल म्हणजे पित्त," मी म्हणालो. "अँजिओ म्हणजे नळी."

"अन् पुढं?"

पुढचं मला येत होतं. गिऱ्हाइकाकडे बघत म्हणालो, "पुढं काही नाही. सूज."

"मंग शीतलले दिवाळीलेच येऊ दे. उगाच धावपळ कायले?"

मी मान डोलावली. तो घाबरेल म्हणून लपवलं, असं मी स्वतःला सांगत आलो. घाबरलो होतो मी. दिवाळीपर्यंत तो राहिला नाही.

तेरावं झाल्यावर शीतलनं त्याची फाईल माझ्याकडे दिली. "काका, बाबांना डॉक्टरांनी सांगितलंच नाही का हो?" मी फाईल पिशवीत टाकली. दोष डॉक्टरवर जाऊ दिला.

फाईलमध्ये मूळ रिपोर्ट होता. त्या शब्दात पेन्सिलीच्या उभ्या रेघा. खाली दादाच्या वाकड्या अक्षरात 'पित्त', 'नळी'. पुढच्या भागावर बसचं तिकीट, पिनेनं टाचलेलं. ते उचललं. खाली लिहिलं होतं, 'कॅन्सर'.

हे त्यानं कधी लिहिलं? माझ्याकडे येण्याआधी, की माझं ऐकून घरी गेल्यावर? आधी असेल तर तो अर्थ विचारायला आलाच नव्हता... रोज दहादा दुकानातला ड्रॉवर उघडतो, तिकीट उचलतो, पुन्हा ठेवतो.

शीतल, डॉक्टरनं नाही, मी लपवलं. तुझं दिवाळीला येणं ठरलं तेव्हा समोर मीच उभा होतो. हे तुला तोंडावर सांगायला हवं होतं, इथं लिहून नाही. फाईल दुकानातच आहे. तू ये. तिकीट तुझ्यासमोर काढीन, आणि या वेळी शब्द पूर्ण वाचीन.