आमेनच्या आधी

घाटातल्या कठड्यावर एक वानर दोन्ही हातांत चपाती धरून खात बसलं होतं. ते पाहून वडिलांची प्रार्थना आठवली.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी आम्ही घरचे सगळे डबे घेऊन धरणावर जायचो. जेवणाआधी वडील प्रार्थना करत आणि ती हमखास लांबे. डोंगरासाठी आभार, पाण्यासाठी आभार, झाडाच्या सावलीसाठीही. एकदा ती चालू असतानाच वानर आलं आणि चपात्यांचा डबा उचलून निवांत निघून गेलं. कुणीच ओरडलं नाही. जो ओरडला असता, त्याचे डोळे उघडे होते हे सगळ्यांना कळलं असतं. वडील क्षणभर अडखळले आणि मग म्हणाले, "आणि प्रभू, जे कुणी भुकेले असतील त्यांनाही दे."

श्रद्धा म्हणजे डोळे मिटणं, असं तेव्हा वाटायचं. समोरचं दिसत असताना प्रार्थना पुरी करणं जास्त अवघड असावं, असं आता वाटतं.

आमेन झालं. डब्याच्या जागेकडे न बघताच वडील आईला म्हणाले, "आज भाजी नुसतीच वाढ."

आईनं का म्हणून विचारलं नाही.