आमच्या पणजोबांचा सिंह

आमच्या पणजोबांना सिंहाने खाल्लं.

लोक ‘आमचे पणजोबा तलाठी होते’ म्हणतात ना, तितक्या सहज मी हे वाक्य आयुष्यभर म्हणत आलोय. रेव्हरंड शांतवन भालेराव, नाशिककडचे अँग्लिकन पाद्री. साहेबाच्या राज्यात आगबोटीत बसून आफ्रिकेत मोंबासाला गेले. तिकडे रेल्वेच्या कामाला गेलेल्या आपल्या माणसांना उपासना चालवायला आपल्यातलाच पाद्री हवा होता. मागे बायको आणि दोन लहान मुलगे. जम बसला की तुम्हाला नेतो म्हणाले, आणि मग सिंह आला.

(आमच्या घराण्यात दुसऱ्या कुणाचं काहीच झालेलं नाही. आजोबा कंपाउंडर, वडील पोस्टात, मी विम्याच्या ऑफिसात. त्यामुळे त्या एका सिंहावर आम्ही चार पिढ्या काढल्या.)

शाळेत मला कुणी मारायचं नाही, कारण माझ्या मागे सिंह होता. माझं लग्नसुद्धा त्यानेच जमवलं. सासरे जरा कां कूं करत होते, तेवढ्यात मी मोंबासा काढलं आणि त्यांचे डोळे भरून आले. बायको, शैला, अजून म्हणते, “मला वाटलं शूर घराणं असेल. हा झुरळ दिसलं की खुर्चीवर चढतो.” घरात नियम एकच होता. बायबलमधला दानीएलाचा सहावा अध्याय आमच्याकडे मोठ्याने वाचायचा नाही. त्यात देव दानीएलाला सिंहांच्या गुहेतून सुखरूप बाहेर काढतो. मग आमच्याच वेळी देव कुठे गेला होता, असं पोरं विचारायची आणि मोठ्यांची पंचाईत व्हायची.

तर गेल्या वर्षी पप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हट्ट धरला. वय पंच्याऐंशीच्या पुढे, हृदय अर्धंच चालतंय असं डॉक्टर म्हणाले होते. पप्पांनी आयुष्यात कधी साधा शर्ट मागितला नाही, आणि आता म्हणाले, “सुमंत, मी जायच्या आधी चर्चच्या भिंतीवर सिंहाची पाटी लागलेली मला बघायचीय.” एवढंच. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं होतं, त्यानंतर मी नाही म्हणूच शकत नव्हतो. रात्री शैलाच्या नकळत बाल्कनीत जाऊन रडलो. (शैला किचनच्या बाल्कनीत रडत होती, हे मला नंतर कळलं.)

आमचं चर्च म्हणजे मुंबईला लागूनच्या शांती नगरात तळमजल्याचे दोन गाळे जोडून केलेला हॉल. कमिटीने स्विचबोर्ड आणि पंख्याच्या मधली जागा दिली. पाटी मी केबिन रोडवरच्या एका मार्बलवाल्याकडे टाकली. तो घरांच्या नेमप्लेट करतो आणि जास्त करून देव घडवतो. मी त्याला मोबाईलवरचा सिंह दाखवला, जबडा उघडलेला, अगदी खाऊन टाकणारा. तो म्हणाला, “अंकल, मुँह खुला अच्छा नहीं लगता, घर में झगड़ा होता है,” आणि त्याने आपल्या अंदाजाने तोंड बंद केलं. पाटी आली तेव्हा सिंह शांतपणे बसला होता. चिकनच्या दुकानासमोर एक पिवळा कुत्रा दिवसभर बसलेला असतो, हुबेहूब तो. मी चिडलो, पण पप्पा बराच वेळ त्याच्यावरून हात फिरवत राहिले आणि म्हणाले, राहू दे, घरातला वाटतो.

इथपर्यंत ठीक होतं. पण मला गप्प बसवत नाही, हा माझा जुना आजार. मी पणजोबांचा तरुणपणचा फोटो इंटरनेटवर टाकला आणि खाली सिंहाच्या पराक्रमाचं असं वर्णन केलं, की स्वतः सिंहाला अभिमान वाटावा. फक्त ते मराठीत होतं, पणजोबांचं नाव आणि मोंबासा तेवढं इंग्रजीत. दोनच दिवसांत मोंबासाहून ग्रेस नावाच्या बाईचा इंग्रजीत निरोप आला. हाच फोटो आमच्याही घरात आहे, आईच्या ऑपरेशनसाठी मी मुंबईला येतेय, भेटता येईल का?

कुठल्याही शहाण्या माणसाने विचारलं असतं, बाई, तुमच्या घरात आमच्या पणजोबांचा फोटो कसा? मी विचारलं नाही. मी शैलाला म्हणालो, “बघ! हुतात्म्याचा फोटो तिकडे घराघरात लावतात!” आणि ग्रेसला पाटीच्या अनावरणाला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावून मोकळा झालो. तिने पाठवलेलं पुढचं काही मी नीट वाचलंसुद्धा नाही, हारांची ऑर्डर देत होतो.

रविवारी सकाळी ग्रेस आमच्या घरी आली. पन्नाशीची, उंच, केशरी फुलांचा झगा, हसरी. मोंबासाच्या दुकानांत कानावर पडून तिला गुजराती येत होतं, त्यामुळे खालच्या किराणावाल्याने तिला पत्ता सांगून वर चिक्कीही दिली होती. पप्पा आत दाढी करत होते. तिने पिशवीतून एक जुना फोटो काढला आणि माझ्या हातात ठेवला.

पणजोबाच होते. तेच कान, तेच नाक, जे माझ्याही तोंडावर आहे. फक्त केस पांढरेशुभ्र, पोट सुटलेलं, आरामात खुर्चीत बसलेले. शेजारी तिथलीच एक बाई आणि भोवती सहा मुलं. सिंहाने खाल्ल्यावर एवढं वजन कुणाचं वाढत नाही.

मी शैलाकडे पाहिलं, शैलाने माझ्याकडे. शैला हळूच म्हणाली की ही तुझी चुलत बहीण लागते. मी ग्रेसला तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं की मग सिंहाचं काय.

“कुठला सिंह?” ग्रेस म्हणाली.

आतून पप्पांच्या खाकरण्याचा आवाज आला. पुढच्या दोन मिनिटांत मी त्या बाईच्या जितक्या विनवण्या केल्या, तितक्या लग्नाआधी सासऱ्यांच्याही केल्या नव्हत्या. माझ्या म्हाताऱ्या बापाचं हृदय अर्धं आहे, त्या अर्ध्यात एक सिंह आहे, तेवढा आजच्या दिवस राहू द्या. तिचा चेहरा उतरला. तिने फोटो पिशवीत ठेवला आणि म्हणाली की मी खोटं बोलणार नाही, पण गप्प राहीन. तेवढ्यात पप्पा कोट घालून बाहेर आले, तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि तिचा हात धरून लिफ्टकडे निघाले.

चर्च भरलेलं. पाटीवर शैलाची जुनी जांभळी ओढणी पडद्यासारखी लावलेली. आमचे पाळक, म्हणजे पाद्री, नवीन, तरुण, उत्साही. सिंहाचा कार्यक्रम आहे म्हणून त्या भल्या माणसाने स्वतःच्या डोक्याने वाचन निवडलं होतं. दानीएल, अध्याय सहावा! आमच्या घरात चार पिढ्या जो कुणी मोठ्याने वाचला नव्हता, तो त्यांनी माईकवर वाचला. देवाने आपला दूत पाठवून सिंहांची तोंडं बंद केली, त्यांनी दानीएलाला काही इजा केली नाही. नेमकं त्याच वेळी पंख्याच्या वाऱ्याने ओढणी सरकली आणि खाली पडली. सगळ्या मंडळीने वळून पाहिलं. पाटीवर आमचा सिंह तोंड बंद करून बसला होता.

मागच्या बाकावरचं एक पोर मोठ्याने म्हणालं की याने तर काहीच खाल्लेलं दिसत नाही. लोक हसले. ग्रेसने तोंडाला रुमाल लावला होता, हसतेय की रडतेय कळेना. मी पप्पांकडे पाहायचं टाळत होतो. शेवटी पाहिलं, तर पप्पा ताठ बसले होते आणि त्यांचे ओठ पाळकांबरोबर हलत होते. अख्खा अध्याय त्यांना पाठ होता.

ग्रेसला दोन शब्द बोलायला उठवलं. ती पाटीसमोर उभी राहिली आणि एवढंच म्हणाली की आमच्याकडच्या सगळ्यांच्या वतीने मी तुमची माफी मागते. लोकांना वाटलं, आफ्रिकेच्या सिंहांच्या वतीने मागतेय. एका मावशींनी तर उठून तिला मिठी मारली.

घरी आलो. मटण-भाकरी वाढली. मी मनात देवाचे आभार मानत होतो, की निभावलं बाबा. आणि पप्पा भाकरी मोडता मोडता ग्रेसला इंग्रजीत शांतपणे म्हणाले, “आजोबांचं म्हातारपण कसं गेलं?”

माझ्या हातातला रस्सा सांडला.

पप्पा म्हणाले की माहीत आहे मला, शाळेत होतो तेव्हापासून माहीत आहे. एकदा एक पोरगा सिंह खोटा आहे म्हणाला, म्हणून पप्पा डोकं फोडून घेऊन घरी आले होते. त्यांच्या आजीने, म्हणजे माझ्या पणजीने, जखमेवर हळद दाबली आणि म्हणाली, “बाळा, त्याच्यासाठी भांडू नको. तो सिंह मीच सोडलेला आहे.”

मग पप्पांनी सगळं सांगितलं, ग्रेससाठी जमेल तितकं इंग्रजीतही. मिशनचे इंग्रज पाद्रीसाहेब एका दुपारी पणजीकडे आले होते. शांतवनने चर्चचं काम सोडलं, तिथेच घर केलं, तो येणार नाही, हे सांगताना त्यांनाच बोलवत नव्हतं. पणजीने ऐकून घेतलं आणि एकच मागितलं, की साहेब, हे कुणाला सांगू नका. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायकांनी विचारलं, काही खबर? तर हिच्या तोंडून निघालं, सिंहाने खाल्लं. बायका धावत साहेबांकडे. साहेब जन्मात खोटं बोललेले नव्हते. ते होय म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. नुसती डोक्यावरची हॅट काढली आणि मान खाली घालून उभे राहिले. संध्याकाळपर्यंत अख्खा गाव भाकऱ्या घेऊन दारात होता. पुढे पणजीला बोर्डिंगमध्ये पोरींना सांभाळायचं काम मिळालं, मुलांना शाळा फुकट.

“सिंह नसता तर ती टाकलेली बाई झाली असती,” पप्पा म्हणाले. “टाकलेल्या बाईच्या पोरांना कोण शिकवतं रे? त्या सिंहाने कुणाला खाल्लं नाही सुमंत, आपल्याला खाऊ घातलं.”

मी विचारलं, मग पप्पा, पळून गेलेल्या माणसाची पाटी कशाला?

“त्याची कुठे? मी सिंहाची पाटी म्हणालो होतो. आजीच्या कबरीवर साधा दगड नाही. तिची खरी गोष्ट भिंतीवर लिहिता येत नाही, तिने ती आयुष्यभर लपवली. म्हणून तिचा सिंह लावला.”

ग्रेस ताटावर रडत होती. तिने सांगितलं, त्यांच्या घरी पणजोबा म्हणायचे की इंडियात माझी बायको होती, प्लेगमध्ये गेली, दोन्ही मुलांसकट. पप्पांनी घास खाली ठेवला. “मुलांसकट?” ते हसायला गेले आणि हसता हसता त्यांचा चेहरा मोडला. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. तिने इकडे त्याला मारलं ते पोरांना जगवायला, आणि त्याने तिकडे सगळ्यांना मारलं. मला त्या पांढऱ्या केसांच्या माणसाचा इतका राग आला, की आरशातलं स्वतःचं नाकसुद्धा नकोसं झालं.

ग्रेस निघाली तेव्हा दारात वळून म्हणाली, “येतो.” आम्ही चमकलो. ती म्हणाली, आमच्याकडे घराबाहेर पडताना सगळेच असं म्हणतात, म्हाताऱ्याने शिकवलेलं, अर्थ कुणाला माहीत नाही. पणजोबा पणजीलाही दारात हेच म्हणून गेले असणार. पप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “ये गं पोरी.”

पप्पा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. झोपेत गेले. शेवटच्या रविवारी त्यांना खुर्चीवर बसवून पाटीसमोर नेलं होतं. घराची फार आठवण येते त्यांच्याविना, घरात बसूनच.

पाटी आहे. नवीन माणसं उपासनेनंतर मला हमखास विचारतात, काय हो, तुमच्या पणजोबांना खरंच सिंहाने खाल्लं? (काहीजण विचारतात, कुत्रा चावला का?) ज्या माणसाने साठ वर्षं हे वाक्य मिटक्या मारत सांगितलं, त्याच्या तोंडून आता शब्द फुटत नाही. मी होय म्हणत नाही, नाही म्हणत नाही. साहेबांसारखी हॅट माझ्याकडे नाही, म्हणून डोक्यावरचं हेल्मेट काढतो आणि मान खाली घालून उभा राहतो. चर्च आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे आणि स्कूटर मी केव्हाच विकली, तेव्हा मी हेल्मेट घालून उपासनेला का जातो, हे विचारणं शैलाने आता सोडून दिलंय.